कृपादानांचं रजिस्टर

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं हजेरी घेतली, त्यामुळे रजिस्टर हातात आलं की मला बरं वाटतं. पण मागच्या वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी भरलेल्या एका दोनशे पानी रजिस्टरनं माझी जी झोप उडवली, तशी ती २०११ च्या पटपडताळणीतही उडाली नव्हती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन. मंडळीची घरं चौतीस, प्रार्थनेची इमारत टिनपत्र्यांची, एप्रिल-मे महिन्यात उपासना सकाळी साडेसातला ठेवावी लागते. जुने पाळकसाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जे तरुण पास्टर आले त्यांच्याकडे तीन गावं. ते पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी आमच्याकडे येणार. उरलेले रविवार माझे. गुरुजी आहेत, बोलता येतं, मग बोला. अकरा वर्षं असंच चाललं होतं. जुने साहेब असतानाही ते दुसरीकडे गेले की मीच उभा राहायचो.

याला थोडा इतिहास आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे उपदेशक घडवणारी शाळा, १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. ती इथं होती तोवर आमच्या भागाला उपदेशकांची ददात नव्हती. मी शाळकरी होतो तेव्हा शनिवारी संध्याकाळी सायकलवर दोन विद्यार्थी यायचे, कोणी केरळचा, कोणी नागालँडचा, मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचे, आमच्या घरी भाकर-झुणका खाऊन रविवारी दुपारी परत जायचे. फार चांगली माणसं. पण त्यातून मंडळीला एक सवय लागली: सेवा करणारा बाहेरून येतो, आपण सतरंजीवर बसायचं असतं. सेमिनरी गेली, सवय राहिली. बाहेरचा नसला तर गुरुजी.

नव्या पास्टरसाहेबांनी पहिल्याच कमिटीत मला सांगितलं, "गुरुजी, तुम्ही मंडळीत काय काय करता ते एका कागदावर लिहून द्या." मी लिहिलं. उपदेश, संडे स्कूल, अर्पणाची मोजणी, बँक, लाइट बिल, दफनभूमीचे कागद, नाताळची वर्गणी, माइकची दुरुस्ती. सतरा कामं झाली. मला मनातून अभिमान वाटत होता. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "मग बाकीची तेहतीस घरं काय करतात?"

मला तो प्रश्न कौतुकाचा वाटला होता. आठ दिवसांनी अर्थ लागला.

पुढचे दोन महिने ते पहिल्या-तिसऱ्या रविवारी फक्त कृपादानांवर, म्हणजे सेवेसाठी देवानं ज्याला-त्याला दिलेल्या देणग्यांवर, बोलले. बायबलच्या नव्या करारात या दानांच्या याद्या आहेत हे आम्हाला ऐकून माहीत होतं. चारही याद्या शेजारी शेजारी कोणी ठेवल्या नव्हत्या. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सात: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्यात सुरुवातीलाच नऊ, त्यांत ज्ञानाचं वचन, निरोगी करणं, अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषेत बोलणं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी, ज्यात मदत करणं आणि व्यवस्था पाहणं येतं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्यात कामं नाहीत, माणसंच आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर दोनच खाती, बोलणारे आणि सेवा करणारे. एकही यादी दुसरीशी पूर्ण जुळत नाही. मी फळ्यावर रकाने पाडून जुळवायचा प्रयत्न केला, मास्तरकीची खोड. जुळलं नाही. पास्टरसाहेब म्हणाले, यातली बहुतेक पत्रं लिहिणाऱ्या पौलाला अभ्यासक्रम द्यायचा नव्हता, उदाहरणं द्यायची होती.

त्यानंतर फॉर्म आला.

फॉर्म म्हणजे चाळीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शेवटी बेरीज, आणि ज्या रकान्यात जास्त गुण ते तुमचं कृपादान. कुठल्यातरी इंग्रजी कागदाचं भाषांतर होतं. "अनोळखी लोकांसमोर बोलताना मला आनंद होतो" असे प्रश्न. पन्नास झेरॉक्स काढल्या, एकेचाळीस परत आल्या. बेरजा मी केल्या. सव्वीस जण शिक्षक निघाले. मंडळीत सव्वीस शिक्षक आणि उपासना संपल्यावर सतरंजी झटकायला माणूस नाही!

फॉर्म खोटे भरले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मान कशाला आहे हे लोकांना ठाऊक असतं, आणि मान माइकला आहे. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांचे फॉर्म घरातल्या पोरांनी भरले, आणि बऱ्याच बायांचे नवऱ्यांनी. एका ताईच्या फॉर्मवर नवऱ्याच्या अक्षरात पुढारपणाला शून्य होतं. ही बाई सात वर्षं बचत गटाची अध्यक्ष आहे, बँकेच्या साहेबाला तिनं दोनदा गावात यायला लावलं आहे.

एका पोराला मात्र सगळ्याच रकान्यांत तीन होते. वय बावीस, बारावी नापास, मनानं चांगला. त्यातही 'निरोगी करणे' त्याच्या डोक्यात बसलं. तो मोबाइलवर मोठमोठ्या सभा पाहायचा. एका गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत त्यानं शुगर असलेल्या एका काकूंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, आता गोळ्या घेतल्या तर तो अविश्वास होईल. काकूंनी गोळ्या बंद केल्या. आम्हाला कोणालाच माहीत नाही. नवव्या दिवशी त्या चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या, नशीब की चूल विझली होती. तालुक्याला नेलं तेव्हा शुगर चारशेच्या वर. पाच दिवस सलाइन. वाचल्या.

त्यांचा मुलगा रात्री माझ्या अंगणात आला तो शिव्या देतच. "गुरुजी, तुमच्या फारमनं माह्या मायले मारलं असतं." मी काय बोलणार? बेरीज माझ्याच हातची होती.

पास्टरसाहेब दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आले. आधी दवाखान्यात गेले, काकूंची क्षमा मागितली, मग पोराला माझ्या ओसरीवर बसवलं. मला वाटलं आता ते त्याला झोडणार. त्यांनी त्याच्या हातात शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं आणि तीन ठिकाणं वाचायला लावली. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, तिच्या जबाबदार पुढाऱ्यांना, बोलवावं असं आहे; वडिलांना, म्हणजे अनेकांना, एका पोराला नाही. तीमथ्याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचं औषधच. आणि तीमथ्याच्याच दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेताला ठेवून यावं लागलं. "पौलाला निरोगी करण्याचं दान नव्हतं का?" साहेबांनी विचारलं. पोरगं गप्प. मीही गप्प, कारण त्रफिमाचं ते वाक्य मी निदान वीस वेळा वाचून पुढे गेलो होतो.

फॉर्म त्या दिवशी बंद झाले. कमिटीत काही जण म्हणाले, आता हा विषयच सोडा, होतं ते बरं होतं. पुढचा मार्ग निघाला तो आमच्या घरातून. सौ. चहा देता देता म्हणाली, "लग्नाच्या घरी कोन काय करन, हे फारम भरून ठरते का? भाजीले कोनाले बलवाचं, पंगत कोनाच्या हातात द्याची, रुसला सोयरा समजवाले कोनाले धाडाचं, गावाले मालूम असते ना."

पास्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "वहिनी, पुन्हा सांगा."

तेव्हापासून रजिस्टर. नियम तिथंच ओसरीवर ठरले. घरोघर जायचं. दोनच प्रश्न विचारायचे: मंडळीतल्या कोणामुळे तुम्हाला देवाची मदत झाली, प्रसंग सांगा, आणि कोण नसलं तर काय अडतं? स्वतःचं नाव घ्यायचं नाही, स्वतःच्या घरातलंही नाही. प्रसंग नसेल तर नाव लिहायचं नाही. बायांना वेगळं बसवून विचारायचं, ते काम अंगणवाडीच्या ताई करतील. पुरुषांचं मी. कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणून रात्री साडेसातनंतर, आणि त्यात लाइट गेली की टॉर्चवर. पाच आठवडे लागले.

फॉर्ममध्ये जे कधी आलं नसतं ते या रजिस्टरमध्ये आलं. सगळं सांगत बसत नाही. एका माणसाचं सांगतो.

फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे आमच्या एका भावाचं. बोलणं जवळजवळ नाहीच. प्रार्थना करायला सांगितलं तर "हे प्रभू" म्हणून थांबतो, पुढचं आम्हीच आमेन म्हणून उरकतो. फॉर्ममध्ये त्याची बेरीज सगळ्यात कमी. रजिस्टरमध्ये चौतीसपैकी एकोणीस घरांनी त्याचं नाव घेतलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते सगळ्या महाराष्ट्रानं पेपरात वाचलं. आमच्या गावचे दोघं त्यात दवाखान्यात होते, दोघंही मजुरीनं फवारायला जाणारे. एकाची बायको सांगत होती, "डोये लाल, तोंडाले फेस, आन् गाडीवाला बसवून घेत नोता, फवाऱ्याचा वास येते म्हने. भावजीनं दुकान उघडंच ठेवलं, आपल्या गाडीवर यायले मंदात बसवलं, मांगं मी. दवाखान्यात आठ रात्री त्यो खाली फरशीवर झोपला. बोलला काईच नाई. सकायी चहा आनून द्याचा." दुसऱ्या एकानं सांगितलं की त्याच वर्षी बोंडअळीनं कपाशी गेली, घरात बँकेचा कागद आला, तेव्हा हा माणूस तीन संध्याकाळी नुसता येऊन बाजेवर बसला. "मले वाटे हा उठून जाईन तं मी काई तरी करीन. तो उठेच ना."

हे मी माझ्या हातानं लिहिलं. 'दया' या रकान्यात लिहावं की 'बोध' या, मला कळेना. बोध म्हटलं की आपण उपदेशच समजतो. पास्टरसाहेबांनी सांगितलं की तिथल्या ग्रीक शब्दात जवळ बोलावणं, धीर देणं हाही अर्थ आहे. बर्णबाला प्रेषितांनी बोधपुत्र नाव ठेवलं, आणि त्याची ओळख भाषणांनी होत नाही. यरुशलेमात सगळे शौलाला, म्हणजे याच पौलाला, भीत होते तेव्हा यानं त्याला हाताशी धरून आत नेलं. मी दोन्ही रकान्यांत लिहिलं.

दानाच्या रकान्यात गंमत झाली. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबडी आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक कोहळा अकराशेला जातो, टाळ्या पडतात. दरवर्षी मोठी बोली लावणारे ठरलेले दोघं-तिघं आहेत. मला खात्री होती, दानाला त्यांचीच नावं येणार. एकानंही घेतली नाहीत. नाव आलं ते एका म्हाताऱ्या आत्याचं. आमच्या आठ-नऊ घरांत बाळंतपण झालं की ती गूळ-तूप पदरात झाकून आणते, आणि कोणाला सांगू नको म्हणते. नऊही घरांना वाटत होतं की आपल्याच घरी आणते. रोमकरांसच्या पत्रात दान देणाऱ्यानं औदार्यानं द्यावं असं आपल्या शास्त्रात आहे. मूळ शब्दात सरळपणा, आडपडदा न ठेवता देणं असाही अर्थ आहे म्हणे. लिलाव बंद करा असं मात्र माझं मत नाही. टिनपत्रे त्याच पैशातून बसले.

पाहुणचाराला जिचं नाव आलं ती बाई वाढताना इतकी बडबडते की जेवणाऱ्याला घास लागावा. पेत्रानं पाहुणचार करा म्हणताना "कुरकुर न करता" हे उगाच जोडलेलं नाही. त्याच्याही ओळखीत अशी कोणी असणार. पण तिच्या घरून उपाशी गेलेला माणूस नाही. लिहिलं नाव.

अन्य भाषांबद्दल दोन घरांत वाद झाला. तिथं साहेबांनी करिंथकरांसचा चौदावा अध्याय वाचून दाखवला, दोघा-तिघांनी पाळीपाळीनं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं, आणि तो विषय तिथंच मिटला.

आता माझं.

मी रोज रात्री घरी येऊन शिक्षणाच्या आणि उपदेशाच्या रकान्यात माझं नाव किती वेळा आलं ते पाहत होतो. हे कबूल करायला लाज वाटते, पण पाहत होतो. पहिल्या आठवड्यात शून्य. मला वाटलं, लोक माझ्या तोंडावर माझं नाव घ्यायला संकोचतात. मग ताईंच्या वह्या आल्या, बायांच्या उत्तरांच्या. तिथंही शून्य. चौतीस घरं झाली. अकरा वर्षं, दोन-अडीचशे उपदेश, आणि एकाही माणसाला एकही प्रसंग आठवला नाही. सौ.ला नियमाप्रमाणे माझं नाव घेता येत नव्हतं, म्हणून मी तिला वेगळं विचारलं. ती पोळ्या लाटत होती. "खरं सांगू? तुमचं बोलनं शायेतल्यावानी असते. बारके भेतात, मोठे झोपतात." आणि लगेच, "जेवाले बसा."

जेवलो नाही त्या रात्री.

माझं नाव आलं होतं, सोळा वेळा, दुसऱ्याच रकान्यात. व्यवस्था. प्रसंगही होते. दफनभूमीच्या सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली होती, ती दुरुस्त करायला मी दोन वर्षं तहसीलमध्ये खेटे घातले, ते सात घरांना आठवत होतं. कोणाच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा दाखला. अर्पणाचा हिशोब दर महिन्याला भिंतीवर चिकटवतो, त्यावर एका म्हाताऱ्यानं सांगितलेलं ताईंनी जसंच्या तसं लिहिलं होतं: "गुरुजी हायेत तवरोक पैशाची भांडनं नाईत." मी या सगळ्याला सेवा समजतच नव्हतो. ती माझ्या लेखी हमाली होती, आणि उपदेश हे खरं काम.

पास्टरसाहेबांनी मला समजावलं नाही, तेवढं बरं केलं. फक्त एक सांगितलं. करिंथकरांसच्या यादीतल्या 'व्यवस्था' या शब्दाच्या जागी ग्रीकमध्ये कुबेर्नेसिस आहे, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणं. मी म्हटलं, साहेब, आमच्या अडाण नदीत उन्हाळ्यात म्हशी बसायला पाणी नसतं, जहाज कुठलं? ते हसले. पण शब्द डोक्यात राहिला. आमच्याकडे त्याला धुरकरी म्हणायचं. बैलं ओढतात, माल मागे असतो, धुरकरी नुसता कासरे धरून बसलेला दिसतो. रात्रीच्या वाटेनं गाडी नाल्यात गेली की मग त्याची आठवण.

शिक्षणाला नाव आलं ते अंगणवाडीच्या ताईंचं. बावीस घरांतून. संडे स्कूलची गोष्ट पोरं घरी येऊन आजीला सांगतात, आजी वेचणीला जाऊन बायांना सांगते, असा तो रस्ता होता. त्यांच्या बायांच्या घरगुती प्रार्थनेत दारामागे उभं राहून पुरुष ऐकतात हेही तेव्हाच बाहेर आलं. मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो. ताई पंक्तीत वाढणाऱ्या सात जणांची गोष्ट सांगत होत्या, प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. ताईंनी विचारलं, "अंगणवाडीचा खाऊ वाटताना कोणाच्या डब्यात वरचं वरण जाते आन् कोणाच्या डब्यात खालचं?" सगळ्या बाया हसल्या आणि मग एकदम शांत झाल्या. हे मला तीस वर्षांत जमलं नाही.

पण ताईंनी उपासनेत शिकवायचं म्हटल्यावर कमिटीत ठिणगी पडली. एका बाजूनं तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, स्त्रीनं शिकवू नये. दुसऱ्या बाजूनं प्रिस्किल्ला, जिनं नवऱ्यासोबत अपुल्लोसाला समजावून सांगितलं. फिबी, जिला पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो. फिलिप्पाच्या संदेश देणाऱ्या चार मुली. तीन बैठका झाल्या. निकाल लागला नाही, तडजोड झाली. ताई दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी 'पाठ समजावून सांगतील', उपदेश करणार नाहीत, आणि व्यासपीठावर न चढता खाली उभ्या राहतील. मला ही तडजोड पटत नाही. व्यासपीठ सहा इंच उंच आहे. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "खालून पोरं बरोबर दिसतात, गुरुजी."

दुसरी अडचण पदांची. कृपादान वेगळं आणि पद वेगळं हे सांगायला सोपं, गावात पाळायला अवघड. ज्यांच्या आजोबांनी चर्चला जागा दिली त्या घरात वडीलकी चालत आली आहे. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: "आमच्या आज्यानं जागा देल्ली तवा कोनी रजिस्टर नोतं फिरवलं." चूक म्हणता येत नाही, जागा खरंच दिली. पण तीमथ्याच्या पत्रात वडिलाच्या आणि सेवकाच्या अटी मोजल्या तर बहुतेक स्वभावाच्या आणि घर चालवण्याच्या आहेत. जागेची अट नाही. सेवकांची तर आधी पारख व्हावी असं सरळ लिहिलं आहे. शेवटी पारख सगळ्यांचीच ठरली, त्यांचीही आणि वेल्डिंगवाल्या भावाचीही. तीन महिने प्रत्येकानं नेमलेलं काम करायचं, सेवेला नेमण्यासाठी कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचे ते मग पाहायचं. त्या घरच्या थोरल्यानं आजाऱ्यांना भेटायचं काम घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यात सोडलं. धाकटा, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तो माइक आणि वायरिंग बघू लागला. नापास पोराला साहेबांनी वेल्डिंगवाल्या भावाच्या हाताखाली दिलं. दोघं मिळून पेशंट दवाखान्यात नेतात, पोरगं केसपेपर काढतं, गोळ्यांच्या वेळा पाकिटावर लिहून देतं. शुगरवाल्या काकूंच्याही. त्यांचा मुलगा अजून त्याच्याशी बोलत नाही.

हात ठेवण्याचा रविवार कापणीच्या सणानंतरचा होता. सहा जण गुडघ्यावर. भाऊ दुकानातून थेट आला होता, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. पास्टरसाहेबांसोबत हात ठेवणाऱ्यांत मी होतो. माझा तळवा त्याच्या डोक्यावर, केसांत लोखंडाचा चुरा लागत होता. प्रार्थना संपल्यावर त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. "हे प्रभू," म्हणाला, आणि थांबला. या वेळी कोणी घाईनं आमेन म्हटलं नाही.

माझ्यावर त्या दिवशी हात ठेवले नाहीत, मीच नको म्हटलं. कारण विचाराल तर अजून पूर्ण पचलेलं नाही. दुसऱ्या रविवारी ताई बोलायला उभ्या राहिल्या की आजही माझा हात खिशातल्या टिपणाच्या कागदाकडे जातो. कागद मी अजून लिहितो. मागच्या बाकावर बसून अर्पणाच्या नोटा सरळ करतो, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, आणि ताई काय म्हणतात ते ऐकतो. कधी कधी त्यांचा संदर्भ चुकतो. उपासना झाल्यावर सांगतो, त्या वहीत लिहून घेतात.

रजिस्टर मिटलं असं सगळ्यांना वाटत होतं. मी शेवटी पटावरची नावं एकेक करून ताळा केला, शाळेतल्यासारखा. सात मोठी माणसं अशी निघाली की ज्यांचं नाव चौतीस घरांतून कोणीच घेतलं नव्हतं. कोणाचंच काही अडत नव्हतं त्यांच्यावाचून. हे मी पास्टरसाहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी रजिस्टर बराच वेळ हातात धरलं. अशक्त वाटणारे अवयव अधिक गरजेचे, हे करिंथकरांसच्या त्याच अध्यायात आहे; ते त्यांनी म्हटलं नाही, मीही नाही. ठरलं एवढंच की या सातांकडे प्रश्न उलटा घेऊन जायचं: मंडळी तुमच्या किती कामी आली?

पाच झाले. एकानं दारातूनच परत पाठवलं. एक जण रडला. एकानं आमचीच यादी वाचून दाखवली, कोण कोण त्याच्या बायकोच्या मातीला आलं नव्हतं त्याची. तीत माझं नाव होतं. एक बाई म्हणाली, सतरंज्या रविवारी सकाळी मीच तर टाकून ठेवते, उजाडायच्या आधी. खरंच, त्या कोण टाकतं असं आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं. पाचव्यानं चहा पाजला आणि पावसापाण्याचं बोलला, तेवढंच.

दोन नावांपुढं अजून कोरं आहे. त्यांतला एक सोयाबीनच्या काढणीत आहे, रात्री नऊच्या आधी शेतातून येत नाही. शुक्रवारी जाणार आहे. टॉर्च चार्जिंगला लावली आहे.